वरची चूल

दोष तुमचा आहे. पाइपच्या गॅसचा फॉर्म तुम्ही छापला, त्यात रकाना तुम्ही पाडला आणि त्या रकान्यावर 'स्वयंपाकघरांची संख्या' असं तुम्हीच लिहिलं. थंड खोलीत बसून लिहिलं. माणूस दारात जाईल, विचारेल, आकडा टाकेल आणि पुढच्या दाराला लागेल, यात अवघड काय, असं तुम्हाला वाटलं. घरातल्या चुली मोजणं म्हणजे खिडक्या मोजणं, हा तुमचा समज. आणि ज्या माणसाला तुम्ही दिवसाला साठ घरं संपवायला सांगून नागपूरच्या हुडकेश्वरात सोडलं, त्याच्याकडे गजभियांच्या फाटकात दोन मिनिटं होती. तीसुद्धा उन्हातली.

त्याचं चुकलं असं कोणी म्हणणार नाही. समोर पंचाहत्तरीची बाई बघून त्याने तुमचा छापील शब्द खिशात ठेवला आणि तिला कळेल असा शब्द घेतला. त्याने विचारलं, "आजी, घरात चुली किती?"

'स्वयंपाकघर' म्हणाला असता तर बायजाबाईने बोटं धरून दोन मोजली असती. एक खाली, थोरल्या प्रेमानंदचं. एक वर, धाकट्या सदानंदच्या बायकोचं. पण तो 'चुली' म्हणाला. भिंतीपलीकडे शेजारची रंभाबाई मेथी निवडत बसली होती, आणि मेथी निवडणारे तिचे हात थांबलेले बायजाबाईला दिसले.

"एकच," बायजाबाई म्हणाली. "आमच्या घरी चूल एकच हाय."

त्याने एक लिहिला. एवढंच झालं. ऑक्टोबरमधली गोष्ट. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी अकराला फिटर दारात येईपर्यंत त्या एकाचा अर्थ काय होतो, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. बायजाबाईने कोणाला सांगितलंच नव्हतं. तिच्या मते सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

फिटरचं नाव विक्रम. तिशीचा, बोलायला गोड. त्याने मोटारसायकलवरून पिवळे पाइप उतरवले, खोक्यातून मीटर काढलं आणि खालच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर भिंतीवर पेन्सिलने खूण केली. ड्रिल सुरू झालं तसं सगळं घर दाणदाण हललं.

वर वंदना ओटा पुसत होती. दुसऱ्यांदा. पहाटे उठून तिने शेगडी घासली होती, सिलिंडर कोपऱ्यात सरकवला होता, नळी भिंतीतून आत येईल त्या जागेवरचा डब्यांची फळी रिकामी केली होती. सक्करदऱ्याला तिचा शिलाईचा क्लास होता. आज तिने बायांना सुट्टी दिली होती. सिलिंडर जिन्यावरून चढवायचं दुखणं आता संपणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं. सदानंद होता तेव्हा तो एका खांद्यावर सिलिंडर घेऊन चढायचा आणि वर आल्यावर मुद्दाम धापा टाकायचा, पायलला हसवायला. तो जाऊन साडेचार वर्षं झाली. तेव्हापासून सिलिंडर पायरी पायरी वाजत वर येतो, आणि तो आवाज तिला सोसत नाही.

ड्रिल थांबलं. आता वर येतील म्हणून तिने दार उघडं ठेवलं. आली ती पायल. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली तिची पोरगी जिन्यात अर्ध्यावरच उभी राहिली.

"मम्मी, त्याच्या कार्डावर एकच किचन आहे. खालचं."

वंदनाने पुसायचा कपडा हातातच ठेवला आणि ती खाली उतरली.

विक्रमने तिला कार्ड दाखवलं. गजभिये प्रेमानंद आनंदराव, घरमालक बायजाबाई, स्वयंपाकघर एक, मीटर एक. तो म्हणाला, सर्व्हेत जे लिहून दिलं तेच छापून आलं, यात त्याचं काही नाही. मग त्याने पुढचं सांगितलं, ते जास्त वाईट होतं. तुमचाच नियम. एका पत्त्यावर मीटर लागलं, की त्या पत्त्यावरची सिलिंडरची पुस्तकं महिन्याभरात जमा करायची. सगळी. खालचंही आणि वरचंही.

"म्हणजे वर काय?" वंदनाने विचारलं.

विक्रमने मान खाजवली. त्याला हा प्रश्न त्या आठवड्यात तिसऱ्या घरात विचारला जात होता.

सर्व्हेच्या दिवशी घरी कोण होतं, हे मग निघालंच. सगळ्यांनी बायजाबाईकडे पाहिलं. ती अंगणात खुर्चीवर बसली होती. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, की त्यानं चूल विचारली, मी चूल सांगितली. त्यात खोटं काय हाय?

तिच्या दृष्टीने खोटं नव्हतंच. गजभियांच्या घरात एक रीत होती, आणि ती घातली होती बायजाबाईच्या नवऱ्याने, आनंदरावांनी. वरच्या तव्यावरची पहिली पोळी खाली यायची, बायजाबाईच्या हातात. आणि खालच्या वरणाची वाटी वर जायची. रोज. आजारपणात, सणावारी, प्रेमानंद आणि सदानंद एकमेकांशी बोलत नव्हते त्या वर्षांतसुद्धा. आनंदराव गेले, सदानंद गेला, रीत चालू होती. पोळी खाली आली आणि वरण वर गेलं, की चूल एक. वर जे होतं त्याला घरात 'वरची खोली' म्हणत. 'वरची चूल' हे दोन शब्द त्या घरात कोणी उच्चारत नव्हतं.

विक्रमने त्याच्या साहेबाला फोन लावला. भला माणूस, फोन न लावता पाइप बसवून निघून गेला असता तरी चाललं असतं. साहेबाचं म्हणणं ऐकून त्याने फोन प्रेमानंदच्या हातात दिला आणि स्पीकर चालू केला.

साहेब घाईत होता, पण स्पष्ट बोलला. दोन स्वयंपाकघरं असतील तर काम आत्ताच थांबवा. घरमालकाने लिहून द्यायचं, की या घरात दोन कुटुंबं आहेत, चुली वेगळ्या आहेत. सही करा, फिटरच्या हातात द्या. पुन्हा सर्व्हे होईल, दोन-तीन आठवड्यांत दोन्ही मीटर एकदम बसतील. पण आज एका मीटरवर गॅस सोडला तर कार्ड बंद. मग दुसऱ्यासाठी नवा अर्ज, आणि तुमच्या लेआउटमधल्या घरांची यादी तर भरली. पुढची कधी उघडेल ते मी सांगू शकत नाही.

"सांगा, काय करायचं," साहेब म्हणाला.

प्रेमानंद गांधीबागेत एका ठोक कापडवाल्याकडे तीस वर्षं लिखापढी करत होता. हो किंवा नाही म्हणायला त्याला कधी वेळ लागत नसे. आज लागला.

त्याच्या मनात काय होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढे तो नुसता दुष्ट वाटेल, आणि तो तसा नव्हता. त्याच्या मनात दहा वर्षांपूर्वीचं एक जेवण होतं. जूनचे दिवस. बुटीबोरीच्या कारखान्याने सदानंदला चार महिन्यांपासून घरी बसवलं होतं. बायजाबाई भंडाऱ्याला आजारी बहिणीकडे गेली होती, ती थंडीतच परतली. रात्रीची पंगत, प्रेमानंदची बायको शोभा वाढत होती. सदानंदने दुसऱ्यांदा भात मागितला आणि शोभाने पळी भातात घातली. तेवढ्यात प्रेमानंद म्हणाला, "आधी कमवून आण, मग वाढून घे."

मालकाकडून दिवसभर ऐकून घेतलेलं त्याने भावावर काढलं होतं, हे त्याला त्याच रात्री कळलं होतं. सदानंदने पुढे केलेलं ताट मागे घेतलं. ताटातलं होतं तेवढं संपवलं. मग उठून मोरीवर गेला आणि स्वतःचं ताट स्वतः धुतलं. त्या घरातल्या कुठल्याही पुरुषाने तोवर ताट धुतलं नव्हतं. धुतलेलं ताट त्याने पालथं घातलं आणि वर गेला. खाली पुन्हा जेवला नाही. प्रेमानंद उद्या बोलू म्हणाला, परवा बोलू म्हणाला, यात जवळपास सहा वर्षं गेली. मग तो मे महिना आला ज्यात नागपुरात ऑक्सिजनसाठी लोक स्कूटरवर सिलिंडर घेऊन फिरत होते, आणि सदानंद गेला.

आता फोनमधून विचारत होते, चूल एक की दोन. प्रेमानंदला वाटलं, ही वेळ आहे. एकच म्हणावं. वरचं बंद होईल, वंदना आणि पायल खाली येतील, एका ताटात जेवतील, आणि आपण जे मोडलं ते आपल्या हाताने जुळेल. मनापासून वाटलं त्याला. माणसाला असं वाटतं तेव्हा ज्याचं मोडलं त्याला विचारायचं राहून जातं.

"एकच," तो फोनमध्ये म्हणाला. "चालू द्या काम."

"काहून खोटं बोलता?"

हे वंदना बोलली नव्हती. शोभा बोलली होती. सगळे चमकले, कारण दोघी जावांचं दहा वर्षांत कधी फार जमलेलं नव्हतं, आणि शोभाचा पुण्यातला पोरगा लग्नाच्या वयाचा झाला होता. वरचा मजला तिला हवा होता, हे गल्लीला माहीत होतं. ती दारात ओले हात घेऊन उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "वेगळी हाय तं वेगळी हाय म्हणा ना. दहा वर्षं झाली. गॅसवाल्याले लबाडी सांगून तुमाले काय भेटणार हाय?"

"तू चूप राय."

"दहा वर्षं चूपच हाव."

शोभा आत गेली नाही. तिला खरं बोलायचं होतं ते दुसरंच. त्या रात्री पळी तिच्या हातात होती. भात पळीत आलेला होता. नवरा काहीही बरळो, तिने तो ताटात टाकला असता तर सदा बसला असता. तिने पळी पातेल्यात परत ठेवली होती. एवढंच केलं होतं तिने, आणि एवढ्याचाच तिला अजून पीळ पडत होता.

प्रेमानंद वंदनाकडे वळला. भावाच्या बायकोशी तो सरळ कधी बोलत नसे. बोललाच तर पायलच्या नावाने बोलायचा. आज सरळ बोलला. "खाली या ना आता तुम्ही दोघी. एवढ्या मोठ्या घरात दोन माणसांसाठी येगळं काहून पेटवायचं? खालीच जेवा. मी म्हणून राहिलो ना."

वंदनाने ते ऐकलं. शब्द चांगले होते. साडेचार वर्षांपूर्वी म्हटले असते तर ती रडली असती. दहा वर्षांपूर्वी म्हटले असते तर ज्याला म्हणायचे तो होता. आज तिला त्यात एवढंच ऐकू आलं, की वरची शेगडी विझणार. ज्या मोरीवर नवऱ्याने आपलं ताट धुतलं, तिथे आपण रोज सगळ्यांची धुवायची.

"दादा, मले तुमचं जेवण नाही पायजे," ती म्हणाली. "मले माहा गॅस पायजे."

साहेब फोनवर अजून होताच. त्याने विचारलं, घरमालक कोण आहे? त्यांना बोलू द्या.

पायलने फोन आजीजवळ नेला. कागद आणि पेनही नेलं. बायजाबाईने फोनकडे पाहिलं, मग भिंतीपलीकडे पाहिलं. रंभाबाई आज मेथी घेऊन नव्हती. नुसतीच उभी होती.

सांगायला हवं होतं तिने. दोनच शब्द. वंदना तिची लाडकी, हे सगळ्यांना ठाऊक. सदानंद आजारी असताना या सुनेने सतरा दिवस डोळ्याला डोळा लावला नव्हता, हे बायजाबाईनेच पाहिलेलं. पण 'चुली वेगळ्या' असं लिहून त्याखाली आपली सही करायची म्हणजे आनंदरावांच्या घरातली माणसं वेगळी झाली असं सरकारदरबारी सांगायचं. ते कसं सांगायचं? ज्या माणसाने मरतानासुद्धा विचारलं होतं, की वरचं पोळी-वरण चालू हाय ना?

"चूल येगळी हाय असं मी लिहून देऊ?" ती पुटपुटली. "यांच्या माघारी?"

बायजाबाईने पेन पायलला परत दिलं. साहेब म्हणाला, ठीक आहे मग, एकच धरतो, आणि फोन ठेवला.

विक्रमने मीटर टांगलं. जमिनीतून वर आलेला पिवळा पाइप मीटरच्या उंचीला संपत होता. तिथे आता काय बसवायचं हा प्रश्न होता, आणि तो प्रश्न या घराला नवा नव्हता. आनंदराव पाण्याच्या खात्यात फिटर होते. हे घर बांधलं तेव्हा वर नुसतं आभाळ होतं, तरी त्यांनी पाण्याच्या पाइपला एल्बो न लावता टी लावला होता. एल्बो म्हणजे नुसतं वळण, पाणी वळतं आणि एकाच खोलीत जातं. टी म्हणजे दोन तोंडं. दुसरं तोंड त्यांनी बूच मारून ठेवलं, आणि शेजारच्यांनी विचारलं तर म्हणायचे, पोरं दोन हायेत माहे. पंधरा वर्षांनी वर खोली झाली तेव्हा बूच काढलं आणि एका दुपारी पाणी वर गेलं. मोरीच्या बाजूला तो टी अजून दिसतो, चुना बसलेला.

विक्रमच्या डाव्या हातात एल्बो होता. पायलने त्याला विचारलं, टी लावून दुसऱ्या तोंडाला बूच मारता येणार नाही का, पुढेमागे कामाला येईल. त्याने मान हलवली. कार्डावर जे आहे तेच. त्याने पाइपच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, एल्बो फिरवला आणि मग पाना लावून आवळला. पान्याचा एक कर्र असा आवाज झाला. प्रेमानंद तिथेच उभा होता. त्याला सगळ्यात जास्त ऐकू आला तो.

मग साबणाचं पाणी. प्रत्येक जोडावर ब्रशने फेस लावून विक्रमने वाकून पाहिलं, बुडबुडा कुठे नव्हता. शेगडीतले सिलिंडरच्या गॅसचे जेट काढून या गॅसचे बसवले. चावी उघडली, लायटर दाबला, आणि खालच्या स्वयंपाकघरात निळी जोत उभी राहिली, ताठ, आवाज न करता. काय सुंदर होती. कोणी टाळी वाजवली नाही. शोभाने सवयीने चहाचं भांडं ठेवलं आणि जोतीकडे पाहत राहिली.

"आता तेवढी पुस्तकं द्या," विक्रम म्हणाला. "नंबर भरून घेतो, जमा तुम्ही नंतर करा."

खालचं पुस्तक शोभाने फ्रिजवरून काढून दिलं. वरचं आणायला वंदना गेली. गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावलेलं, सदानंदच्या नावाचं निळं पुस्तक होतं. विक्रमकडे देण्याआधी मधेच बायजाबाईने ते घेतलं. नुसतं पाहायला. तिच्या लेकाचं नाव होतं त्यावर.

बायजाबाई प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली होती. बसच्या पाट्या वाचायची, पोथीसारखं सावकाश, बोट ठेवून. तिने पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. अक्षर छापील नव्हतं. निळ्या शाईचं होतं, उजवीकडे कललेलं, मात्रा लांब ओढलेल्या. हजेरीपटावर चाळीस वर्षं सही करणाऱ्या हाताचं अक्षर.

"व... र... ची," ती वाचत गेली. "चू... ल."

थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

वरची चूल. सदानंद. १९ जून २०१५.

घरात जे दोन शब्द कोणी बोलत नव्हतं, ते घरधन्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते. पोळी-वरणाची रीत ज्याने घातली त्यानेच. आणि मग बायजाबाईला हळूहळू दिसायला लागलं, की रीत चूल एक ठेवायला नव्हती. रीत होती ती तिच्यासाठी. तिला कळू नये म्हणून. रोज एक पोळी.

"जून काहून?" ती म्हणाली. "सदाले रातपाळी लागली म्हणून वर येगळं करावं लागलं, असं सांगितलं होतं मले. बारा वाजता येते, पाचले जाते, खालच्यायची झोप मोडते म्हणून."

पायलने सहज म्हटलं. तिला कोणी काही शिकवलेलं नव्हतं, म्हणून सहज. "बाबांची नाइट ड्युटी तर माझ्या स्कॉलरशिपच्या परीक्षेच्या वेळी लागली, आजी. थंडी होती तेव्हा. जूनमध्ये तर ते घरीच होते."

वंदनाने पोरीचा दंड धरला. शोभाने गॅस बारीक केला. प्रेमानंद फाटकाकडे पाहायला लागला, जसं काही तिथून कोणी येणार होतं.

बायजाबाईने तिघांकडे पाळीपाळीने पाहिलं. तिघांच्या तोंडावर एकच गोष्ट होती. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. गेलेल्यालाही माहीत होतं. या घरात न कळलेली ती एकटी होती, आणि तिनेच फाटकात उभं राहून छातीठोकपणे सांगितलं होतं, एकच.

ती उठली. "बाबू," ती विक्रमला म्हणाली, "दोन लिहा. आणा तो कागद, सही करतो मी. दोन चुली हायेत. येगळ्या हायेत."

तिने हे मोठ्याने म्हटलं. रंभाबाईला ऐकू जाईल इतकं.

विक्रमने पाना पिशवीत टाकला होता. त्याने एल्बोकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं. मीटरचा आकडा शून्यावरून पुढे सरकला होता, चहापुरता. तो म्हणाला, आजी, अर्धा तास आधी म्हणाल्या असत्या. आता कार्ड बंद झालं. त्याने मोबाइल काढून दाखवला, हिरवी खूण आली होती. तरी सही केलेला कागद त्याने घेतला, चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवला, साहेबाला देतो म्हणाला. कागदाचं काय होतं हे त्यालाही माहीत होतं. चहा न घेताच गेला.

दोन वाजून गेले होते. वंदना वर गेली. वरच्या सिलिंडरमध्ये गॅस होता अजून, महिनाभर पुरला असता. पण पंधरा मिनिटांनी ती पुन्हा खाली आली, भिजवलेल्या कणकेची परात कमरेला लावून. तिने शोभाला विचारलं, "ताई, तवा कुठी हाय?"

शोभाने तवा दिला. बाजूला सरकून ओट्यावर जागा केली. "आजच काहून, वंदना?" ती हळूच म्हणाली. "महिना हाय ना अजून."

"महिन्यानं यायचं तं आजच आली," वंदना म्हणाली. "सवय होऊ द्या."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती साधी म्हणाली. पहिली पोळी लाटली, नव्या जोतीवर भाजली. फुगली चांगली. ती पोळी हातात घेऊन वंदना क्षणभर उभी राहिली, कारण पहिली पोळी कुठे न्यायची हा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडला. खाली न्यायला आता वर काही उरलं नव्हतं. तिने ती तशीच टोपल्यात टाकली. इतर पोळ्यांसारखी.

बायजाबाईने ते पाहिलं.

ताटं मांडली. पाच. किती वर्षांनी. प्रेमानंद येऊन बसला, आणि दहा वर्षं ज्या पंगतीची वाट पाहिली ती समोर असूनही त्याला मान वर करवेना. पायल बसली. शोभा भाताचं पातेलं घेऊन आली, पळीसकट, आणि सवयीने आधी नवऱ्याकडे वाकली.

बायजाबाईने तिच्या हातातून पळी काढून घेतली. ती पातेल्यात परत ठेवली. मग निळं पुस्तक प्रेमानंदच्या रिकाम्या ताटात ठेवलं, नाव वर करून.

"प्रेमा," ती म्हणाली. "सदा वर काहून गेला होता?"

 प्रेमानंद उठायला लागला तशी तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं. तिच्या हाताला जोर नव्हता, तरी तो बसला.

"बापानं तुह्या लपवलं. हिनं लपवलं, तिनं लपवलं. माहा पोरगा मेला तरी मले कोणी सांगितलं नाही. मीच एकच एकच म्हणत बसली. आता तू सांग. काय म्हणलं होतं त्याले?"

"आई, जेवू दे आधी..."

"नाही," बायजाबाई म्हणाली. "आधी सांग, मग वाढून घे."